तळहाताएवढ्या जागेवर उभी गाडी

एक प्रयोग घरच्या घरी करता येतो. गाडी सपाट, टणक जागेवर उभी करून हँडब्रेक ओढायचा. जॅकने एक चाक जमिनीपासून बोटभर उचलायचं, टायरच्या खालच्या भागाला पोस्टर कलरचा जाडसर हात द्यायचा, बाजूने पांढरा पुठ्ठा सरकवायचा आणि जॅक हळूच उतरवायचा. चाक पुन्हा वर घेतलं की पुठ्ठ्यावर टायरचा ठसा उमटलेला असतो. त्यावर आपला पंजा ठेवून पाहा. बहुतेकांचा पंजा तो ठसा जवळजवळ झाकून टाकतो.

गणितही तेच सांगतं. १,८०० किलो वजनाच्या गाडीत एका चाकावर साधारण ४५० किलो भार येतो. टायरमध्ये ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा असेल, तर एक चौरस सेंटीमीटर जागा जेमतेम सव्वादोन ते अडीच किलो पेलते. म्हणजे ४५० किलोंना १८० ते २०० चौरस सेंटीमीटर जागा लागते: आडवी १९ सेंटिमीटर, उभी १० सेंटिमीटर. वेग घेणं, वळणं, थांबणं, मागच्या सीटवर झोपलेल्या मुलांना सुखरूप घरी आणणं, सगळं अशा चार ठशांवर चालतं.

आता इंजिनाकडे वळू. ३०० अश्वशक्ती म्हणजे सुमारे २२४ किलोवॅट. ताशी ३६ किलोमीटर वेग असताना एवढ्या शक्तीतून, वाटेतली गळती वजा करूनही, चाकांवर साधारण १८,००० न्यूटन बल येऊ शकतं. पण गाडी पुढच्या दोनच चाकांनी ओढली जात असेल आणि त्यांच्यावर निम्मं वजन असेल, तर कोरड्या रस्त्यावर त्या दोन टायरांची पकड ९,००० न्यूटनच्या आसपास संपते. शिवाय जोरात वेग घेताना वजन मागे सरकतं, पुढची चाकं आणखी हलकी होतात. बाकीची शक्ती चाक जागेवर फिरवण्यात आणि रबर जाळण्यात जाते. इलेक्ट्रिक गाडीत हे अधिकच जाणवतं, कारण मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते आणि बॅटरीमुळे वजनही जास्त असतं. म्हणून मला वाटतं की शक्तिशाली गाडीची खरी मर्यादा इंजिनात नसून टायरमध्ये असते.

रबर रस्त्याला धरतं तरी कसं? शाळेत शिकलेला घर्षणाचा नियम, ‘भार दुप्पट तर घर्षण दुप्पट’, रबराला नीट लागू पडत नाही. भार वाढला की रबराची पकड वाढते, पण त्या प्रमाणात वाढत नाही. पकडीचे दोन स्रोत आहेत. एक म्हणजे रबराचे रेणू रस्त्याच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात आणि सुटतात. ओल्या रस्त्यावर पाण्याचा पातळ थर मध्ये आला की हा स्रोत आटतो. दुसरा स्रोत जास्त मजेशीर आहे. रस्ता डोळ्यांना सपाट दिसला तरी खडीच्या बारीक टोकांनी भरलेला असतो. ती टोकं रबरात रुततात, टायर पुढे सरकतो, आणि दबलेलं रबर पूर्ववत व्हायला किंचित उशीर लावतं. त्यामुळे टोकाच्या एका अंगाला रबर दाबून बसतं आणि दुसऱ्या अंगाला अजून पोहोचलेलं नसतं. या फरकातून गाडीला अडवणारं बल तयार होतं. रबराच्या या आळसावरच आपण पावसात थांबतो.

पण हाच आळस खर्चिकही आहे. टायर फिरताना प्रत्येक फेरीत त्याचा तळ चपटा होतो आणि पुन्हा गोल होतो. दर वेळी थोडी ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणजे इंधन जातं. मग पकडही हवी आणि इंधनही वाचवायचं, हे जमायचं कसं? उत्तर वारंवारतेत आहे. दोन मीटर परिघाचा टायर ताशी १०० किलोमीटरला सेकंदाला १४ फेऱ्या घेतो, तर ब्रेक लावल्यावर खडीची टोकं रबराला सेकंदाला हजारो ते लाखो वेळा हलवतात. रसायनतज्ज्ञांनी असं मिश्रण शोधलं जे संथ हालचालीत चपळ आणि वेगवान हालचालीत आळशी असतं. पूर्वी रबराला बळकटी द्यायला मुख्यतः काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक वापरत, टायर काळा दिसतो तो त्यामुळेच. मिश्रणातली बरीचशी काजळी काढून सिलिका, म्हणजे वाळूत असतं त्याच संयुगाची बारीक पूड घालायची आणि सिलेन नावाच्या संयुगाने ती रबराशी बांधायची, या वाटेने मिशलँ या फ्रेंच टायर कंपनीने १९९२ मध्ये इंधन वाचवणारा टायर बाजारात आणला. आज कारच्या चांगल्या टायरमध्ये सिलिका असतेच. दोन टायर दिसायला सारखे असूनही पावसात एवढे वेगळे का वागतात, याचं निम्मं उत्तर या मिश्रणात आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

उरलेलं निम्मं उत्तर टायरवरच्या खाचांमध्ये आहे, त्या पाण्याला बाहेर पडायला वाट देतात. २२५ मिलिमीटर रुंदीचा टायर रस्त्यावर साचलेल्या २ मिलिमीटर पाण्यातून ताशी ८० किलोमीटरने जात असेल, तर त्याला सेकंदाला १० लिटर, म्हणजे अर्धी बादली पाणी बाजूला सारावं लागतं. ते जमलं नाही की टायर पाण्यावर चढतो आणि स्टिअरिंग एकाएकी हलकं पडतं. नासाच्या वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी १९६३ मध्ये विमानाच्या टायरांवरून याचा एक साधा नियम मांडला: टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाबरोबर वाढतो. गुळगुळीत झालेल्या टायरात ३३ पीएसआय हवा असेल, तर तो वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतो. २५ पीएसआय असेल, तर ८३. कारच्या टायरला हे आकडे तंतोतंत लागू नाहीत, पण हवा कमी झाली की धोका कमी वेगालाच गाठतो, हे कारलाही लागू आहे. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात आणि अनेक देशांत कायदा १.६ मिलिमीटरपर्यंत चालवू देतो. माझ्या मते ३ मिलिमीटर उरले की शक्तिशाली गाडीचा टायर बदलावा. कायद्याची रेघ गाठेपर्यंत थांबणं म्हणजे पावसाळ्याशी पैज लावणं.

ओल्या रस्त्यावरची पकड मी सगळ्यात वर ठेवतो, त्यामागे एक हिशेब आहे. दोन सारख्या गाड्या ताशी १०० किलोमीटरने चालल्या आहेत. दोघींनी एकाच जागी ब्रेक दाबले, पण दुसरीच्या टायरची पकड पहिलीच्या ७० टक्केच आहे. पहिली जिथे पूर्ण थांबते, तिथे दुसरी अजून ताशी ५५ किलोमीटरने पुढे जात असते! ब्रेक, सेन्सर, एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सगळं सारखं, फरक फक्त रबराचा. युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या टायरच्या लेबलवर २०१२ पासून ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी छापलेली असते. ‘ए’ सर्वांत चांगली. निवड करताना मी आधी ही श्रेणी पाहीन, मग बाकी सगळं.

पकड कोणत्या दिशेला खर्च होते, हेही लक्षात घ्यावं. टायरकडे पकडीचा एकच साठा असतो. त्यातला ८० टक्के ब्रेकने वापरला, तर वळायला ६० टक्के उरतो (पायथागोरसचं गणित इथे चालतं: ८० आणि ६० यांच्या वर्गांची बेरीज म्हणजे १०० चा वर्ग), आणि १०० टक्के वापरला तर काहीच नाही. वळणावर घाबरून ब्रेकवर उभं राहिलं की गाडी सरळ जाते ती यामुळे.

मग रुंद टायर घ्यावा का? इथे एक गैरसमज रुतून बसला आहे. हवेचा दाब तोच ठेवला, तर रुंद टायरचा ठसा फारसा मोठा होत नाही, तो आडवा वाढतो आणि उभा आखूड होतो. वळणावर आणि उष्णता वाटून घ्यायला त्याचा फायदा आहे, कोरड्या रस्त्यावर तो जाणवतोही. पण साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो.

रिम, म्हणजे टायर ज्यावर बसतो ते धातूचं चाक, मोठी करण्याचा मोह तर याहून मोठा. टायरच्या बाजूवर २२५/४५ आर १७ ९४ डब्ल्यू असं काही लिहिलेलं असतं. रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के म्हणजे १०१ मिलिमीटर, ‘आर’ म्हणजे रेडियल (आतले धागे फिरण्याच्या दिशेला काटकोनात असलेला टायर), रिम १७ इंची. ९४ हा भाराचा अंक आहे, म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ६७० किलो. ‘डब्ल्यू’ म्हणजे टायरचा कमाल वेग ताशी २७० किलोमीटर, आणि ते अक्षर गाडीच्या पुस्तिकेत दिलंय त्याहून खालचं घेऊ नये, एवढं पुरे. आता त्याच गाडीला १९ इंची रिम आणि २२५/३५ टायर चढवला, तर बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, पण भिंत ७९ मिलिमीटर उरते. आत हवा कमी मावते, आणि भार हवाच पेलत असते. अशा टायरवर ८८ हा अंक दिसतो: ५६० किलो. चार टायरांचे २,२४०. गाडी १,८०० किलोची, त्यात पाच माणसं आणि डिकीभर सामान मिळून ४०० किलो आलं, की २,२०० झाले, म्हणजे जेमतेम ४० किलोंची सवड. मागच्या चाकांवर भार जास्त पडतो तो वेगळाच. खड्ड्यात रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिमटून भिंतीला फुगा येतो तोही अशाच बुटक्या टायरला लवकर. घरच्या सगळ्यांना घेऊन फिरणाऱ्या गाडीला कंपनीने सांगितलेली सर्वांत लहान रिम मला सगळ्यात शहाणपणाची वाटते.

थंड प्रदेशात चालवणाऱ्यांना आणखी एक निवड करावी लागते. साधारण ७ अंश सेल्सिअसखाली उन्हाळी मिश्रण ताठरतं आणि खडीत रुतायचं थांबतं. हिवाळी टायरचं रबर तिथेही मऊ राहतं, आणि त्याच्या ठोकळ्यांवरच्या केसाएवढ्या चिरा बर्फ धरतात. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह त्यावर असतं. बारमाही टायर दोन्हीकडे थोडं थोडं देतो. जास्त ताकदीच्या गाडीला, हिवाळा कडक असेल तर, मी दोन वेगळे संच सुचवेन.

हवा मात्र प्रत्येकाला सांभाळावीच लागते. तापमान १० अंशांनी उतरलं की दाब दीड पीएसआयने उतरतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर अनेकदा दोन आकडे असतात, एक रोजच्या वापराचा, दुसरा पूर्ण भरलेल्या गाडीचा. सामान भरून लांबच्या प्रवासाला निघताना दुसरा आकडा भरायचा, आणि तो टायर थंड असताना, निघण्यापूर्वी मोजायचा.

आणि दोनच टायर नवे घ्यायचे असतील, तर ते मागे बसवावेत. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचे टायर लवकर झिजतात, म्हणून नवे पुढे टाकायचा मोह होतो. पण पुढची पकड सुटली तर ते स्टिअरिंगवर हाताला कळतं, पाय उचलला की गाडी बहुधा सावरते. मागची सुटली तर ओल्या वळणावर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि कळेपर्यंत अर्धी फिरलेली असते. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत मात्र पुढच्या-मागच्या खाचांच्या खोलीत फार फरक चालत नाही, मधल्या डिफरेन्शियलवर (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दातेरी यंत्रणेवर) सततचा ताण येतो. तिथे चारही टायर एकदमच बदलावेत.