भिंतीतून आलेला पाय

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात एक पाय आहे. तो मांडतात तेव्हा फरशीला लागून भिंतीतून बाहेर आल्यासारखा आडवा ठेवतात. पॅन्ट, मोजा, चामड्याचा बूट आणि मोजा-पॅन्टच्या मध्ये उघडी पडलेली बोटभर नडगी. रॉबर्ट गोबर या शिल्पकाराने 1989-90 मध्ये तो मधमाश्यांच्या मेणाचा केला आणि नडगीवर माणसाचे खरे केस रोवले. रक्त नाही, जखम नाही. तरी अंगावर काटा येतो आणि पाय पुन्हा तिकडेच वळतात.

हे का होतं? ठाणे स्टेशनच्या फलाटावर खांबाआड अर्धा माणूस दिसला, तर आपल्याला अर्धा माणूस दिसत नाही, अख्खा दिसतो. झाकलेला भाग मेंदू न विचारता भरून काढतो. गोबरच्या पायालाही मेंदू तसंच उरलेलं शरीर जोडतो. पण ते जोडायचं कुठे, तर भरीव भिंतीच्या आत. ‘माणूस आहे’ आणि ‘भिंत भरीव आहे’ हे दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी ठाम राहतात, एकही माघार घेत नाही. अस्वस्थ करणाऱ्या कलेचं बहुतेक बळ याच न सुटणाऱ्या गाठीत आहे, असं आम्हाला वाटतं. नुसतं भडक आणि रक्तरंजित काही दाखवणं सोपं असतं, पण त्याचा परिणाम लवकर ओसरतो.

आता ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोडवर या. कपड्यांच्या दुकानांत बिनडोक्याचे, कधी बिनहातांचे पुतळे ओळीने उभे असतात. त्यांचं कुणालाच काही वाटत नाही. त्यांच्या गुळगुळीत फायबरवर एक केस नाही, एक सुरकुती नाही. ते वस्तूच आहेत, याबद्दल मेंदूला शंकाच नसते. जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी 1970 मध्ये या फरकाचा आलेख मांडला. वस्तू माणसासारखी होत जाते तसतशी ती आवडत जाते, पण अगदी माणसाच्या जवळ पोचली की आवड एकदम कोसळते. या खड्ड्याला त्यांनी ‘बुकिमी नो तानी’, म्हणजे अस्वस्थतेची दरी, म्हटलं. त्यांचं उदाहरण होतं कृत्रिम हाताचं. दुरून तो खरा वाटतो, पण हस्तांदोलन करावं तर गार आणि बिनहाडाचा लागतो. डोळ्यांनी दिलेलं वचन स्पर्शाने मोडलेलं असतं.

डोळे आणि स्पर्श यांची ही ओढाताण घरच्या टेबलावर अनुभवता येते. मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेला ‘रबरी हाता’चा प्रयोग कोपरखैरण्याच्या छोट्या घरातही होतो. त्यासाठी भांडी घासायचा डाव्या हाताचा रबरी हातमोजा, पाव ते अर्धा किलो तांदूळ, थोडा कापूस, एकाच मापाचे दोन मऊ ब्रश, खोक्याचा साधारण 40 सेंटिमीटर उंच पुठ्ठा आणि एक ओढणी लागते. मोज्याच्या बोटांत आधी कापूस दाबून भरा, मग तळव्यात तांदूळ भरा आणि मनगटाशी रबरबँड लावा. पूर्ण तांदूळ भरला तर बोटं फुगून केळ्यांसारखी दिसतात आणि प्रयोग फसतो.

समोरच्या माणसाने डावा हात पुठ्ठ्याआड, तळवा खाली करून ठेवायचा. मोजा पुठ्ठ्याच्या अलीकडे, त्याला दिसेल असा, खऱ्या हातापासून 15 ते 20 सेंटिमीटरवर आणि त्याच दिशेने ठेवा. खांद्यापासून मोज्याच्या मनगटापर्यंत ओढणी टाका, म्हणजे हात सलग वाटेल. त्याने नजर मोज्यावरच ठेवायची. तुम्ही दोन ब्रश घेऊन खऱ्या आणि खोट्या हाताच्या त्याच बोटावर, त्याच जागी, एकाच क्षणी फिरवा, बोटाच्या सांध्याकडून नखाकडे. साधारण सेकंदाला एक फटकारा पुरे. बोटं बदलत राहा, मधूनच दोन फटकारे लागोपाठ द्या.

काहींना अर्ध्या मिनिटातच, काहींना दोन मिनिटांनी ब्रशचा स्पर्श मोज्यात जाणवू लागतो. काहींना काहीच होत नाही, तेही ठीक. मग डोळे मिटायला सांगा आणि उजव्या हाताने टेबलाखालून डाव्या तर्जनीची जागा दाखवायला सांगा. बोट बहुधा मोज्याच्या बाजूला सरकलेलं असतं. मेंदूकडे तीन साक्षीदार असतात: दिसणं, स्पर्श आणि सांध्यांकडून येणारी हात कुठे आहे याची जाणीव. पहिले दोघे एकमुखाने बोलले की तिसऱ्याचं ऐकलं जात नाही.

फसतं ते बहुतेक वेळा ब्रशच्या तालामुळे. खऱ्या आणि खोट्या हातावरच्या फटकाऱ्यांत साधारण 0.3 सेकंदापेक्षा जास्त अंतर पडलं की भास विरतो. मोजा काटकोनात वळवला तरी विरतो, आणि मोज्याऐवजी लाकडी ठोकळा ठेवला तर तो बहुधा होतच नाही. आरमेल आणि व्ही. एस. रामचंद्रन यांनी 2003 च्या प्रयोगात भास जमल्यावर रबरी हाताचं एक बोट मागे वाकवलं. दुखायचं काही कारण नव्हतं, तरी त्वचेवरची घामाची प्रतिक्रिया यंत्राने नोंदवली. गोबरच्या पायासमोर आपली नडगी का शहारते, याचा थोडा अंदाज इथे येतो. शरीराचा तुकडा ओळखणारी यंत्रणा आणि ‘हे माझं’ म्हणणारी यंत्रणा एकमेकींपासून फार लांब नसाव्यात.

कॉलेजच्या महोत्सवासाठी असा पाय करायचा विचार असेल तर ठाण्याची हवा लक्षात घ्या. मधमाश्यांचं मेण सुमारे 62 ते 64 अंश सेल्सियसला वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. मे महिन्यात बंद टेम्पोतून नेलेला पाय स्वतःच्या वजनाने वाकतो. पावसाळ्यात चामड्याच्या बुटाला बुरशी धरते. फायबर किंवा सिलिकॉन जास्त टिकतं. आणि एक गोष्ट कळकळीने: साचा घेण्यासाठी हात किंवा पाय ओल्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या बादलीत कधीही बुडवू नका. घट्ट होताना प्लास्टर तापतं आणि अवयव आतच अडकतो. 2007 मध्ये इंग्लंडमध्ये एका शाळकरी मुलीला अशाने बोटं गमवावी लागली. त्वचेसाठी दंतवैद्य वापरतात तो अल्जिनेट घ्यावा.

उरतो तो मूळ प्रश्न: नकोसं वाटतं तर पाहायचं कशाला? मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी मिरचीचा आधार घेतला. ठेचा खाताना तोंड धोक्याची सूचना देतं, मेंदूला माहीत असतं की धोका नाही, आणि त्या दोन्हींतल्या अंतराचंच सुख होतं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीच किळसवाणी छायाचित्रं काहींना कला म्हणून, तर काहींना स्वच्छता-शिक्षणासाठी काढलेली म्हणून दाखवली. किळस दोघांना सारखीच आली, पण कला म्हणून पाहणाऱ्यांना तिच्यासोबत काही सुखदही जाणवलं. म्हणजे ‘ही कला आहे’ ही चौकट किळस पुसत नाही, ती सोसून थांबायला जागा देते. नाट्यशास्त्राने जुगुप्सा (किळस) हा मनातला स्थायीभाव आणि बीभत्स हा कलेतून अनुभवायचा रस वेगळे ठेवले होते, ते उगाच नव्हे.

माणसाचं शरीरच हवं असंही नाही. मुंबईच्या जितीश कल्लाट यांनी 2007 मध्ये हाडांची रिक्षा घडवली. राळेची खोटी हाडं, पण चाकं, टप, आकार सगळं रिक्षाचं. स्टेशनबाहेर रोज जिच्या रांगेत उभं राहायचं, ती अचानक कुठल्या तरी प्राण्याचा सांगाडा होते. ओळखीची वस्तू जितकी रोजची, तितकी गाठ घट्ट बसते.

तो तांदळाचा हात फेकू नका. एके दिवशी तो काळ्या कापडावर, शेजारी नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवून दिवाणखान्यात मांडा. दुसऱ्या दिवशी तोच हात सोफ्याखालून मनगटापर्यंत बाहेर काढून ठेवा, चिठ्ठी नको. दोन्ही दिवशी वेगवेगळ्या पाहुण्यांचं, सांगून-सवरून नाही तर नुसतं, निरीक्षण करा: कोण वाकून जवळ आलं आणि कोण दोन पावलं मागे सरलं.