लिस्टमधली नावं फिरता फिरता खोडू नका

पश्चिम रेल्वेवर जोगेश्वरी आणि गोरेगाव यांच्यामध्ये डिसेंबर २०१६ मध्ये राम मंदिर हे स्थानक सुरू झालं. समजा, त्याआधीच तुम्ही चर्चगेट ते विरार सगळी स्थानकं पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या एका लिस्टमध्ये, म्हणजे यादीत, ओळीने भरली होती. मोजणी शून्यापासून: चर्चगेट ०, दादर ८, जोगेश्वरी १६, गोरेगाव १७. नवं नाव घालायला एक ओळ पुरते. इन्सर्ट या मेथडला, म्हणजे लिस्टसोबत तयार मिळणाऱ्या आज्ञेला, सांगायचं, १७ क्रमांकावर ‘राम मंदिर’.

आता गोरेगाव १८ वर गेलं, मालाड १९ वर. हे कोणी सरकवलं? इन्सर्टच्या पोटात एक लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग, आहे. तो विरारपासून सुरुवात करतो आणि एकेक नाव एक घर पुढे नेतो. गोरेगावपासून सुरुवात केली असती तर गोरेगाव मालाडच्या जागी बसून मालाड पुसलंच गेलं असतं. अपेंड मात्र शेवटी नाव जोडते, तिला कोणाला हलवावं लागत नाही. २९ नावांत हा फरक जाणवत नाही. लाखो नोंदी असल्या आणि प्रत्येक नवी नोंद सुरुवातीला घालायची असली, की प्रोग्राम रखडतो.

तयार मेथड वापरणं म्हणजे कॉपी, असं काही शिक्षक मानतात. मला ते पटत नाही. इंडेक्स (नावाचा क्रमांक शोधणारी), काउंट (नाव किती वेळा आलं ते मोजणारी), रिव्हर्स (क्रम उलटा करणारी) या मेथड विद्यार्थ्याने फॉर लूप लावून एकदा स्वतः लिहाव्यात आणि मग बिनधास्त तयार मेथड वापराव्यात. आत काय चालतं हे माहीत नसेल, तर पुढचा घोळ समजतच नाही.

चर्चगेट ते दादर ही नऊ नावं घ्या: चर्चगेट, मरीन लाईन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ, प्रभादेवी, दादर. फास्ट लोकल जिथे थांबत नाही ती नावं काढायची आहेत. चर्चगेट, मुंबई सेंट्रल आणि दादर उरायला हवेत. नवशिका सरळ लूप लावतो: थांबा नसेल तर रिमूव्ह, म्हणजे नाव काढून टाक. प्रोग्राम चालतो, एररही येत नाही. पण उरतात पाच नावं: चर्नी रोड आणि लोअर परळही यादीत तसेच.

झालं असं. लूप १ क्रमांकावर आला, मरीन लाईन्स काढलं. त्यानंतरची सगळी नावं एक घर मागे सरकली, चर्नी रोड १ वर आलं. लूप मात्र २ वर गेला आणि तिथे त्याला ग्रँट रोड भेटलं. चर्नी रोडकडे त्याने पाहिलंच नाही. मुंबई सेंट्रल आणि दादरसुद्धा तपासले गेले नाहीत, ते निव्वळ नशिबाने बरोबर उरले! म्हणून ज्या लिस्टवर लूप फिरतोय तिच्यातून काही काढू नये. रिकामी लिस्ट घ्या आणि हवी ती नावं तिच्यात अपेंड करत जा.

लिस्ट क्रमाने लावणाऱ्या सॉर्ट या मेथडबाबतही असाच घोळ होतो. ती आहे त्याच लिस्टचा क्रम बदलते आणि परत काहीच देत नाही. तिचं उत्तर व्हेरिएबलमध्ये ठेवलं तर हाती ‘नन’ (None), म्हणजे ‘काहीच नाही’, येतं. नवी क्रमवार लिस्ट हवी असेल तर सॉर्टेड वापरा. आत २००२ साली टिम पीटर्स यांनी लिहिलेली टिमसॉर्ट ही पद्धत आहे. यादीचे काही तुकडे आधीच क्रमाने असतील, तर ती त्यांचा फायदा घेते.

मराठी हजेरीपट लावताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पायथॉन अक्षरांची तुलना युनिकोडच्या, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला नेमून दिलेल्या, क्रमांकांनी करतो. तिथे ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. त्यामुळे काळे हे कासारांच्या आधी लागतात. क्ष हा क, हलन्त आणि ष मिळून होतो, म्हणून क्षीरसागर शेवटी न जाता कोळी आणि खरे यांच्या मध्ये येऊन बसतात. शाळेला वर्णमालेचाच क्रम हवा असेल, तर सॉर्टला ‘की’ म्हणून एक छोटं फंक्शन द्यायचं. ते ळ आणि क्ष यांना ह नंतरचे क्रमांक देईल, बाकीची मांडणी सॉर्ट करेल.