व्हीपीआय-व्हीसीआय दोन्ही टोकांना सारखेच हवेत?

एटीएम म्हणजे इथे पैसे काढायचं यंत्र नव्हे, तर ५३ बाइटच्या सेलमधून डेटा नेणारं जुनं नेटवर्क. त्याबद्दलचा एक समज अजून टिकून आहे: एका राउटरवर पीव्हीसी (दोन टोकांमध्ये कायमची आखून दिलेली आभासी वाट) ०/३५ असेल, तर पलीकडच्या राउटरवरही ०/३५ च हवा.

तसं नाही. ०/३५ मधला पहिला आकडा व्हीपीआय, दुसरा व्हीसीआय; सेल कोणत्या वाटेचा ते हे आकडे सांगतात, पण ही जोडी फक्त एका दुव्यापुरती असते. वाटेतला प्रत्येक स्विच आपल्या तक्त्यात पाहून सेलच्या ५ बाइटच्या हेडरमधले आकडे बदलतो आणि सेल पुढे ढकलतो. त्यामुळे अलीकडे ०/३५ आणि पलीकडे ०/१०२ असलं तरी जोडणी चालते. आकडे जुळवायचे ते आपल्या राउटरचे आणि त्याला लागून असलेल्या स्विचचे. घरच्या डीएसएल मोडेममध्ये ०/३५ भरायचो, तेही टेलिफोन एक्स्चेंजमधल्या डीस्लॅमशी (घरोघरच्या डीएसएल लाइन एकत्र करणाऱ्या यंत्राशी) जुळावं म्हणून.

समज पसरला बहुधा प्रयोगशाळेतून. तिथे दोन राउटर एकाच फायबरने थेट जोडतात. मध्ये स्विच नाही, दुवा एकच, म्हणून आकडेही एकच लागतात.

सबइंटरफेसचा (राउटरच्या एका पोर्टच्या आभासी भागाचा) क्रमांक व्हीसीआयइतकाच हवा, हीसुद्धा निव्वळ सवय. लक्षात राहायला सोपं, एवढंच.

दोन्ही टोकांना खरोखर जुळावं लागतं ते एन्कॅप्सुलेशन, म्हणजे सेलमध्ये भरण्याआधी डेटा गुंडाळायची पद्धत. स्विच सेलच्या आतल्या ४८ बाइटना हात लावत नाही. म्हणून एकीकडे स्नॅप आणि दुसरीकडे मक्स अशा वेगळ्या पद्धती असतील, तर पीव्हीसी चालू दिसतो, पण पिंग (पोहोच तपासणारा संदेश) जात नाही.