मेंदूदाह आणि आरंभीचा अल्झायमर : पार्श्वभूमी

इंदूरच्या मराठी घरांत साठीनंतरच्या विस्मरणाला 'साठी बुद्धी नाठी' हे उत्तर तयार असते आणि शेजारी 'सठिया गए' म्हणत तीच री ओढतात. त्यामुळे सकाळी पोह्यांची बशी हातात असताना अण्णांचे तोंड एका बाजूला ओढले गेले, त्याच बाजूचा हात झटकला आणि बशी फरशीवर पडली, तरी तो अशक्तपणाच ठरतो. काही सेकंदांचे आणि दिवसातून कितीतरी वेळा येणारे हे झटके एलजीआय१ या मेंदूतील प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीमुळे होणाऱ्या ऑटोइम्यून मेंदूदाहाची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच मेंदूवर चढवलेल्या हल्ल्याची, खूण असतात.

१९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये अशा स्मृती बिघडवणाऱ्या मेंदूदाहाची नोंद झाली, तेव्हा तो बहुतांशी कर्करोगाची सावली मानला जाई. २००१ मध्ये उपचारांनी सुधारणाऱ्या रुग्णांत पोटॅशियम चॅनेलविरोधी (चॅनेल म्हणजे पेशीच्या आवरणातले पोटॅशियमचे दार) म्हणून ओळखल्या गेलेल्या अँटिबॉडी सापडल्या. त्यांचे खरे लक्ष्य चॅनेल नसून त्याच्या लगतचे एलजीआय१ हे प्रथिन आहे, हे २०१० मध्ये उमगले. रुग्ण बहुधा साठीच्या आसपासचे असतात, म्हणजे अल्झायमरची शंका येण्याच्याच वयाचे. मात्र इथे स्मृती काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ढासळते, रक्तातले सोडियम अनेकदा उतरते आणि स्टेरॉइडने गुण येतो.

मेंदूदाह आणि अल्झायमर हे दोन्ही आजार एकाच रुग्णात 'सोबत' आहेत असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न २०१८ च्या एका निर्णयाने गुंतागुंतीचा केला. १९८४ च्या निकषांनुसार अल्झायमर लक्षणांवरून ठरे आणि पक्के निदान मेंदूचा तुकडा तपासल्याखेरीज, म्हणजे बहुधा मृत्यूनंतरच, होत असे. २०१८ मध्ये अमेरिकेतील एका तज्ज्ञगटाने संशोधनापुरती व्याख्या बदलली : ॲमिलॉइड आणि टाऊ या अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनांच्या खुणा सापडल्या की अल्झायमर, मग लक्षणे असोत वा नसोत. २०२१ मध्ये दुसऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने हरकत घेतली की लक्षणांवाचून त्या खुणा केवळ जोखीम दाखवतात. तरीही २०२४ मध्ये पहिलीच भूमिका दवाखान्यापर्यंत आणली गेली. हरकत वजनदार आहे, कारण बुद्धी शाबूत असलेल्यांतही पन्नाशीत सुमारे १० आणि नव्वदीत सुमारे ४४ टक्के लोकांत ॲमिलॉइड आढळते. मग अण्णांच्या कमरेतून काढलेल्या पाण्यात ते आढळले, तर त्यांना दोन आजार झाले, की एक आजार आणि एक वयाची खूण? शिवाय पेशींना इजा झाली की एकूण टाऊ मेंदूदाहातही वाढू शकतो, आणि नुसता तो आकडा पाहून फाइल अल्झायमरच्या कप्प्यात गेली, तर अँटिबॉडीची तपासणी राहूनच जाते. ('आरंभीचा' म्हणजे इथे अवस्थेने, ऐन पन्नाशीत येणारा अकाली अल्झायमर ही वेगळी गोष्ट.)

उलट दिशेचा धागाही आहे. ॲमिलॉइडविरुद्धच्या लशीची चाचणी २००२ मध्ये थांबवावी लागली, कारण लस घेतलेल्या सुमारे ६ टक्के रुग्णांना मेंदूदाह झाला. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचलेल्या ॲमिलॉइडवर शरीर लशीवाचूनही असाच हल्ला चढवते, तो आजार आता वेगळ्या नावाने ओळखला जातो आणि बहुधा स्टेरॉइडला दाद देतो.