काडेपेटीएवढी पकड

माझ्या पुतण्याला यंदा माउंटन बाइकच्या शर्यतीत उतरायचं आहे. वय सतरा, राहायला ठाण्यात वर्तकनगरला, सायकल साधी हार्डटेल, म्हणजे पुढे शॉकअप आणि मागे काही नाही. गेल्या रविवारी पहाटे आम्ही दोघं उपवनहून येऊरचा चढ चढून गेलो. उतरताना एका वळणावर तो डांबर सोडून कडेच्या मुरमात शिरला, मागचं चाक घसरलं आणि कोपर चांगलंच सोलवटलं. धूळ झटकत त्याने विचारलं, “काका, टायर बदलायला हवेत का?”

मी टायर अंगठ्याने दाबून पाहिला. दगड. पंपाच्या काट्यावर हवेचा दाब ४० पीएसआय! सायकल हलकी पळावी म्हणून कुणीतरी प्रेमाने टम्म हवा भरून दिली होती.

शर्यतीची तयारी म्हटलं की सगळे मांड्यांची ताकद आणि सायकलची किंमत यांवर बोलतात. मला वाटतं, नवख्याने आधी जमीन आणि रबर यांचं नातं समजून घ्यावं. हिशेब सोपा आहे. स्वार ७० किलो, सायकल १४ किलो, म्हणजे एका चाकावर साधारण ४२ किलो. ४० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.८ किलो. भागाकार केला की उत्तर येतं १५ चौरस सेंटीमीटर. टायर जमिनीला टेकतो तो एवढाच, काडेपेटीपेक्षाही थोडा कमी. हवा २५ पीएसआयवर आणली की तोच ठसा २४ चौरस सेंटीमीटरचा होतो. टायरच्या भिंतींचा ताठरपणा इथे धरलेला नाही, पण अंदाजाला हे आकडे पुरेसे आहेत.

“पण हवा कमी केली तर सायकल जड जाईल ना?” डांबरावर जाईल. दगडगोट्यांवर मात्र उलट होतं. कडक टायर दगडावर चढला की सायकल आणि स्वार दोघंही तेवढे वर फेकले जातात. पुढे नेणारी ऊर्जा त्या हादऱ्यांत, आपल्याच मनगटांत आणि पाठीत जिरते. मऊ टायर दगडाला पोटात घेतो आणि स्वार सरळ पुढे जातो. याला मर्यादा आहेच. हवा फारच उतरवली तर दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. सत्तर किलोच्या, ट्यूब वापरणाऱ्या मुलाने रुंद टायरमध्ये पुढे २५ आणि मागे २८ पासून सुरुवात करावी आणि मग एकेक पीएसआय कमीजास्त करत आपलं माप शोधावं.

आता मुरूम. आपले डोंगर बेसाल्टचे, काळ्या पाषाणाचे. तो पाषाण झिजून, कुजून मुरूम होतो. खाली टणक कातळ आणि वर सुटे खडे, अशा जागी प्रत्येक खडा बेअरिंगमधल्या छऱ्यासारखा वागतो. पावसाळ्यात हाच कातळ शेवाळाने बुळबुळीत होतो. त्यामुळे आपल्याकडच्या मुलांना एकाच वाटेवर दोन अगदी वेगळ्या जमिनी शिकाव्या लागतात.

पुतण्या पडला तो हवेमुळे आणि ब्रेकमुळेही. वळणात शिरल्यावर घाबरून त्याने मागचा ब्रेक आवळला. टायरकडे घर्षणाची शिल्लक एकच असते. ती ब्रेक लावण्यात खर्च झाली तर वळायला काही उरत नाही. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडायचा. दुसरी गोष्ट मला फार सुंदर वाटते. फिरत्या चाकाचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणापुरता जमिनीवर चक्क स्थिर असतो, म्हणून तो घट्ट धरतो. चाक जाम झालं की तो नुसता घासत जातो. मग पकडही कमी होते आणि चाक हँडलचं ऐकत नाही, घसरेल तिकडे जातं.

पुढच्या ब्रेकला मुलं उगाच भितात. टीएमटीच्या बसने ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे झुकतात, तसाच सायकलचा भारही पुढच्या चाकावर जातो. त्यामुळे थांबवायची खरी ताकद तिथेच असते. ढुंगण मागे, टाचा खाली आणि एका बोटाने हळूहळू दाब वाढवायचा. मुरमात तर फारच हळू.

या खेळाच्या जन्माशीच ब्रेकची गोष्ट जोडलेली आहे. ऑक्टोबर १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात फेअरफॅक्स गावाजवळ काही तरुणांनी जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन मातीच्या उतारावरून शर्यत लावली. साडेतीन किलोमीटरच्या आत जवळपास ४०० मीटर उंचीचा उतार, आणि पेडल उलटं दाबून लागणारे, चाकाच्या मध्यभागी हबमधले ब्रेक. स्वार आणि सायकल या आपल्या ८४ किलोच्या जोडीने एवढं उतरायचं तर सुमारे ३३० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. तेवढ्यात लिटरभर गार पाणी उकळतं. हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावं लागे. म्हणून त्या उताराचं नावच ‘रिपॅक’ पडलं. वीस वर्षांनी, १९९६ ला, अटलांटामध्ये क्रॉस-कंट्री माउंटन बाइकिंग ऑलिंपिकमध्ये आलं.

शरीराचंही थोडं सांगतो. याच जोडीने शंभर मीटर उंचीचा चढ आठ मिनिटांत चढायला निव्वळ उचलण्यासाठी १७० वॅट लागतात. स्नायूंची कार्यक्षमता जेमतेम २० ते २५ टक्के, म्हणजे त्याच वेळी सहाशेएक वॅट उष्णता अंगात तयार होते. ती घालवायला तासाला जवळपास लिटरभर घामाची वाफ व्हावी लागते. खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता टपटप गळतो. म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात सराव नको, पहाटे करा. आणि शर्यतीआधी पंधरा-वीस मिनिटं अंग गरम करा, कारण थंड शरीराला ऑक्सिजनचा पुरवठा मागणीच्या बरोबरीला आणायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि सगळे सुसाट सुटतात ते नेमके तेव्हाच.

येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानाचं आहे, तिथे बिबटे राहतात. परवानगीशिवाय आतल्या पायवाटांवर सायकल घालू नये. सरावाला मुरमाचं एखादं मोकळं मैदान पुरतं. आम्ही तेच केलं. हवा उतरवली, दोन विटा ठेवून वळण आखलं. पहिल्या दहा फेऱ्यांत त्याच्या मागच्या चाकाने लांबच लांब गुळगुळीत चर ओढले. तो उकिडवा बसून प्रत्येक चर कुठे सुरू होतो ते पाहायचा आणि पुढच्या फेरीत त्याच्या हातभर आधी ब्रेक सोडायचा. ऊन चढेपर्यंत चर आखूड होत गेले. शेवटच्या फेरीनंतर विटांमधल्या मुरमात टायरच्या नक्षीचा एकेक चौकोन स्पष्ट उमटलेला होता.