घराची विक्रीपूर्व तयारी

घराची विक्रीपूर्व तयारी : राहते घर विकायला काढण्याआधी मालक त्याची जी डागडुजी, साफसफाई, आवराआवर आणि कागदांची जुळवाजुळव करतो, ती सगळी मिळून ही तयारी. यात दोन निराळी कामे एकमेकांत मिसळलेली असतात: घर खरोखर नीट करणे आणि ते नीट दिसेल असे मांडणे. दुसऱ्या कामाला ‘होम स्टेजिंग’ हा रंगमंचावरून उचललेला शब्द रूढ आहे. त्याचे श्रेय अमेरिकेतील बार्ब श्वार्झ यांना देतात. १९७२ मध्ये त्यांनी ही पद्धत सुरू केली, असे मानले जाते. घर झाडूनपुसून दाखवण्याची अक्कल लोकांना त्याआधीही होतीच; पुढे तिचा स्वतंत्र व्यवसाय झाला, इतकेच.

या तयारीत सर्वांत आडवी येते ती मालकाची सरावलेली नजर. एखादे दार किंचित वर उचलल्याशिवाय त्याची कडी बसत नाही. घरातल्यांचा हात ते आपसूक उचलतो, त्यामुळे बिजागरी ढिली झाली आहे हे वर्षानुवर्षे कुणाच्या ध्यानात येत नाही. पाहुणा मात्र कडीशी झटत उभा राहतो. विजेच्या बटणांभोवती बोटांनी उमटलेले काळपट वलय, बेसिनच्या कडेची पिवळी रेघ, फरशीच्या सांध्यांत बसलेला मळ यांचेही तसेच. वासाची गोष्ट तर आणखी बिकट. एकाच वासाची नाकाला थोड्या वेळात सवय होते आणि तो जाणवेनासा होतो. पाळीव प्राणी, सिगारेट किंवा दमट कपाट यांचा वास बाहेरून येणाऱ्याला उंबरठ्यावरच कळतो. चार दिवस बाहेर राहून परतावे आणि दार उघडताच पहिला श्वास लक्ष देऊन घ्यावा, किंवा भिडेखातर गोड न बोलणाऱ्या माणसाला घरभर फिरवावे. सुगंधी फवाऱ्यांचा मारा करू नये. घमघमाट आला की गिऱ्हाईक आधी विचार करते, हे काय झाकताहेत?

किमतीच्या बाबतीतही हीच नजर दगा देते. हातात असलेली वस्तू माणसाला तिच्या बाजारभावापेक्षा मोलाची वाटते. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये या प्रवृत्तीला नाव दिले. डॅनियल कानेमन आणि जॅक नेच यांच्यासह त्यांचे जे प्रयोग १९९० मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत काही विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग दिले होते. मग मिळालेल्यांनी मागितलेली किंमत इतरांनी देऊ केलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. मगाची ही गत, तर ज्या घरात मुले लहानाची मोठी झाली त्याचे काय!

डागडुजीत क्षुल्लक वाटणारी कामे आधी उरकावीत. ठिबकणाऱ्या नळाला बऱ्याचदा नवा वॉशर पुरतो, पण तो ठिबकत राहिला तर पाहणारा न दिसणाऱ्या नळकामाबद्दलही शंका धरतो. फ्लशची टाकी छुपी गळते का, हे पाहायला तिच्यात खाण्याचा रंग थोडासा टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबावे. भांड्यातले पाणी रंगले, तर टाकीची झडप गळते आहे.

खरा कस लागतो तो ओलीत. पोपडे खरवडून, पुट्टी भरून वर रंगाचे दोन हात मारले की भिंत काही आठवडे देखणी दिसते. मग पाणी वाट काढतेच आणि सोबत विरघळलेले क्षार आणते. पाणी उडून जाते, क्षार पृष्ठभागाशी साठून पांढरी भुकटी धरतात आणि नव्या रंगाला फुगवून सोडवतात. म्हणून आधी ओलीचे मूळ शोधावे. भिंतीवर प्लास्टिकच्या कागदाचा हातभर चौकोन चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावा. थेंब कागदामागे असतील तर ओल भिंतीतून येते. बाहेरच्या अंगाला असतील तर खोलीतल्या हवेतली वाफ थंड भिंतीवर पाणी होऊन साचते आहे. पहिल्या प्रकारात गळती, छत, पन्हळ किंवा पाया पाहावा लागतो. दुसऱ्यात खिडकी उघडी ठेवणे आणि कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे सरकवणे यानेही पुष्कळ फरक पडतो. मूळ बुजवल्यावरही भिंत सावकाशच वाळते. जाडीच्या दर २५ मिलिमीटरला एक महिना, असा बांधकामातला ढोबळ ठोकताळा आहे. विक्रीची घाई असलेल्याला हा हिशेब आवडत नाही.

संपूर्ण स्वयंपाकघर नवे करणे, महागडी फरशी बसवणे असली मोठी कामे मात्र शक्यतो टाळावीत. खर्च पुरता वसूल होईलच असे नसते, आणि घेणारा स्वतःच्या आवडीसाठी तेच पुन्हा उखडूही शकतो.

मांडणीचा गाभा म्हणजे वस्तू कमी करणे. लोक कपाटे उघडून पाहतात, हे गृहीत धरावे. खच्चून भरलेले कपाट ‘या घरात जागा पुरत नाही’ असे सांगून टाकते. घरच्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, असा व्यावसायिकांचा आग्रह असतो. तो थोडा ताणलेला वाटतो. माणसांची सगळी खूण पुसली की घराचे हॉटेल होते. अगदी रिकामी खोलीही फसवी असते. पलंग मावेल की नाही याचा अंदाज येत नाही, म्हणून निदान एक मोठी वस्तू तिथे असू द्यावी. दिवे एकाच छटेचे लावावेत. पिवळसर २७०० केल्विनचा आणि निळसर ६५०० केल्विनचा दिवा एका खोलीत असले की भिंतीचा रंग दोन ठिकाणी दोन दिसतो, आणि छायाचित्रात तर जास्तच. फार रुंद कोनाच्या भिंगाने खोली दिवाणखान्याएवढी दाखवता येते. पण माणूस प्रत्यक्ष आला की हिरमुसतो. संगणकावर घातलेले फर्निचर छायाचित्रात असेल, तर तसे लिहावे.

मांडणी कुठे संपते आणि लपवाछपवी कुठे सुरू होते, हा या विषयातला जुना वाद. जॉर्ज अकर्लॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या मोटारींच्या उदाहरणावरून दाखवले, की विकणाऱ्याला दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगल्या मालालाही रास्त भाव मिळत नाही. घेणारा सगळ्यांकडेच संशयाने पाहतो. ‘घेणाऱ्याने सावध राहावे’ हे जुने तत्त्व कायद्यांनी ठिकठिकाणी मर्यादित केले आहे. भारताच्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील कलम ५५ नुसार, स्वतःला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला सामान्य काळजी घेऊनही सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगायचा असतो. अमेरिकेत १९७८ पूर्वीच्या घरांबाबत शिसेयुक्त रंगाची ठाऊक असलेली माहिती द्यावी लागते. कपाट सरकवून ओलीचा डाग झाकणे ही मांडणी नव्हे. डाग, त्याचे कारण आणि दुरुस्तीची पावती दाखवणाऱ्याशी घासाघीस होईल, पण व्यवहार सहसा मोडत नाही.

कागदपत्रे हा कंटाळवाणा भाग, आणि म्हणूनच शेवटी राहतो. मालकीचे दस्त, मंजूर नकाशा, कर भरल्याच्या पावत्या, कर्ज फिटल्याचा दाखला, नंतर केलेल्या फेरफारांच्या परवानग्या एका फायलीत लावून ठेवाव्यात. नावातली एखादी चूक दुरुस्त करायला रंगकामापेक्षा जास्त दिवस लागू शकतात. घरासोबत काय जाणार आणि काय नाही, तेही लिहून ठेवावे. पंखे, पडद्यांच्या दांड्या, पाणी तापवण्याचा बंब, भिंतीत बसवलेली कपाटे यांवरून शेवटच्या दिवशी हमखास कुरबुर होते. आजीचे झुंबर सोबत न्यायचे असेल, तर पहिले गिऱ्हाईक यायच्या आधी ते उतरवून तिथे साधा दिवा लावावा.