चिकटलेली झडप उघडणारा फुगा

लहानपणी घसा दुखून ताप येतो, मग गुडघे-घोटे सुजतात आणि काही आठवड्यांत घरातले सगळे ते विसरून जातात. घसा दुखवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती हृदयाच्या झडपांवरही उलटली असेल, तर ते बरेचदा ऐन तारुण्यात कळतं. हृदयाच्या डाव्या कर्णिकेतून (वरच्या कप्प्यातून) जवनिकेत (खालच्या कप्प्यात) रक्त सोडणाऱ्या मायट्रल झडपेच्या दोन पाकळ्या कडेने एकमेकींना चिकटत जातात. निरोगी झडपेची वाट ४ ते ६ चौरस सेंटिमीटर, ती १.५ किंवा त्याहून कमी झाली, की आजार तीव्र समजतात. मागे तुंबलेल्या रक्ताचा दाब फुप्फुसांवर येतो. जिना चढताना धाप लागते, रात्री उशाला दोन उशा लागतात. हा आजार बायकांमध्ये जास्त. अनेकींचा तो गरोदरपणातच उघड होतो, कारण तेव्हा शरीरातलं रक्त जवळपास दीडपट होतं. तोवर ‘अशक्तपणा आहे’ म्हणत टॉनिकच्या बाटल्या संपलेल्या असतात, याचं फार वाईट वाटतं. एका टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, निदान होऊ शकतं.

जपानी शल्यचिकित्सक कान्जी इनोऊए यांनी या झडपेसाठी खास फुगा तयार केला. १९८४ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. जांघेतल्या शिरेतून नळी उजव्या कर्णिकेत नेतात. तिथून डावीकडे जायला वाट नसते, म्हणून दोन कर्णिकांमधला पातळ पडदा सुईने भेदतात. सगळ्यांत जोखमीचा टप्पा हाच. फुगा झडपेपार गेला, की आधी त्याचं पुढचं टोक फुगवून मागे ओढतात. मग मागचा भाग फुगतो आणि डमरूसारखी मधली कंबर नेमकी झडपेत बसते. शेवटी ती कंबर फुगते आणि चिकटलेल्या कडा सुटतात. काही सेकंदांचंच काम! कर्णिकेतला दाब उतरलेला तिथल्या तिथे दिसतो. छाती उघडावी लागत नाही. बहुतेक वेळा रुग्ण जागाच असतो.

कर्णिकेत रक्ताची गुठळी असेल किंवा झडप बरीच गळत असेल, तर मात्र फुगा वापरत नाहीत. उतारवयात कॅल्शियम साचून अरुंद झालेल्या महाधमनीच्या झडपेचं दुखणंही वेगळं. ती फुग्याने उघडली तरी बहुधा काही महिन्यांत पुन्हा अरुंद होते. म्हणून तिथे नळीतून नवी झडपच बसवतात. माणसावर हे पहिल्यांदा केलं ते आलँ क्रिबिए यांनी, १६ एप्रिल २००२ रोजी, फ्रान्समधल्या रुआँ शहरात.

फुग्याने उघडलेली मायट्रल झडपही काही वर्षांनी पुन्हा अरुंद होऊ शकते, म्हणून इको करत राहावी लागते. घशाचा तो संसर्ग पुन्हा होऊ नये म्हणून तरुण रुग्णांना दर तीन-चार आठवड्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शनही डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवावं लागतं.